‘अचानक’ मेलेल्या कोंबडीची गोष्ट

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसहालाच फोन वाजला. इतक्या सकाळी फोन आला, की आमच्या वयाच्या माणसांच्या पोटात आधी गोळाच येतो. पलीकडे मुलुंडच्या वहिनी होत्या. आवाज घोगरा झालेला. म्हणाल्या, “भावोजी, सरदारीण गेली.”

क्षणभर मला काही उलगडेना. मग ट्यूब पेटली. सरदारीण म्हणजे वहिनींची तांबडी कोंबडी. मुलुंडच्या जुन्या गावठाणात दादाचं घर आहे. मुंबईची हद्द १९५७ साली मुलुंड-दहिसरपर्यंत पोचली, पण या घराला अजून ती बातमी कळलेली नसावी, असंच ते दिसतं. तिन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये कौलं, एक नारळ, एक बुजवलेली विहीर आणि परसात सात कोंबड्या. आता सहा.

“काल संध्याकाळपर्यंत चांगली होती हो. पोटभर जेवली. सकाळी खुराडं उघडलं तर आडवी. अचानक गेली. मला वाटतं, समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमननं उंदराचं औषध टाकलं असणार. परवाच तो कुरकुरत होता, कोंबड्या गेटमध्ये येतात म्हणून. आणि आता ती छोटी भित्रीसुद्धा कोपऱ्यात मान खाली घालून बसलीये.”

‘अचानक’ हा शब्द आणि त्याच्या पाठोपाठ आलेला शेजाऱ्यावरचा संशय, दोन्ही ऐकून मी बोरिवलीच्या माझ्या घरात पन्नासहून अधिक वर्षं मागे गेलो.

आम्ही तेव्हा घाटकोपरला बैठ्या चाळीत राहत होतो. साल १९६९. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. आईनं कणकवलीहून येताना डालग्यातून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला होता. त्यांच्या पुढे अकरा झाल्या. अंडी चाळीतच खपत. ते पैसे आई बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. वडिलांचा पगार घराचा, पण डबा आईचा. आमच्या वह्या, दादाचे चष्मे, मावशीकडे जायचं एसटीचं भाडं, हे सगळं त्या डब्यातून निघे. म्हणून कोंबड्या म्हणजे आमच्याकडे हौस नव्हती, आईच्या मुठीतली सत्ता होती.

आणि एका पावसाळ्यात चार दिवसांत अकराच्या अकरा गेल्या. मला अजून दिसतात त्या. चोच उघडी टाकून घरघर श्वास घेणाऱ्या, हिरवट पांढरं शेण टाकणाऱ्या. एकीची मान अशी पिळवटली होती, की ती आभाळाकडे बघतेय असं वाटे, आणि पुढे जायचं म्हटलं की ती मागे मागे सरके. आम्ही मुलं आधी हसलो. संध्याकाळी तीही गेली.

शेजारच्या काकूंच्या पुदिन्याच्या कुंड्या कोंबड्या उकरत. आठवड्यापूर्वीच त्या वैतागून म्हणाल्या होत्या, “एक दिवस या कोंबड्यांचं काही खरं नाही.” तेवढं वाक्य आईला पुरलं. काकूंनी विष घातलं, असं ठरलं. चौकशी नाही, विचारपूस नाही. नऊ वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. मधली भिंत एका विटेची, पलीकडे फोडणी टाकली तर आमच्याकडे ठसका लागायचा. पण संक्रांतीचा तिळगूळ त्या भिंतीपलीकडे गेला नाही. काकूंच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आम्ही आमचं दार लावून आत बसलो होतो. सनईचा आवाज मात्र दार लावून थांबत नाही. पुढे काकू गावी निघून गेल्या.

नव्वदच्या दशकात केव्हातरी माझ्या हाती कुक्कुटपालनाची एक जुनी पुस्तिका पडली. चाळता चाळता ‘राणीखेत ऊर्फ मानमोडी’ या मथळ्याशी थांबलो. धाप, हिरवी हगवण, पिळवटलेली मान, मागे सरकणं, चार-सहा दिवसांत सगळा कळप साफ. ओळ न् ओळ आमच्या परसातली. मी ते आईला वाचून दाखवलं. तिची सत्तरी उलटली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिच्याही तीन मेल्या होत्या रे त्याच आठवड्यात. मी म्हटलं, संशय नको म्हणून दाखवायला मारल्या असतील.”

काकू तोवर हयात नव्हत्या.

म्हणून मुलुंडचा फोन ठेवताना मी वहिनींना एवढंच म्हटलं, “वॉचमनला काही बोलू नका. आधी कोंबडीला विचारू.”

मेलेल्या कोंबडीला विचारायचं कसं, याचीही एक रीत आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ कुणाला ठाऊक नसते. मी ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी आधी प्रश्नांची सरबत्तीच केली. किती मेल्या? एकच? बाकीच्यांना धाप, नाकाडोळ्यांतून पाणी, हगवण, तोंडाला सूज? आसपास कावळे मरून पडलेत का? सगळ्यांची उत्तरं ‘नाही’ अशी आल्यावर ते म्हणाले, “मग हातमोजे घालून दोन पिशव्यांत घट्ट बांधा, बर्फावर ठेवा आणि आजच आणा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. त्या छोटीलाही टोपलीतून आणा. एकापेक्षा जास्त मेल्या असत्या, तर मात्र हलवू नका म्हटलं असतं. मग आम्हीच आलो असतो.”

सरदारणीला त्यांनी टेबलावर घेतलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी आम्हांला जवळ बोलावून दाखवलं. पोटात चरबीचे पिवळे थर, आणि काळीज फिकट, मऊ, फुटलेलं, त्यावर रक्ताची गाठ. विष नाही, साथ नाही, दृष्ट नाही.

“खायला काय घालता?” डॉक्टरांनी विचारलं.

“भात,” वहिनी म्हणाल्या. “उरलेली पोळी. शेजारचे फरसाण आणून देतात. उपाशी नाही ठेवत हो मी कुणाला.”

“तेच झालंय,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. चरबीनं काळीज पोखरत जातं. त्यात जागा लहान, हालचाल कमी, वर मे महिन्याचा उकाडा. अंगानं भरलेली, अंडी देणारी, सगळ्यांत धट्टीकट्टी दिसणारी कोंबडी एका रात्रीत अशी जाते. वरून दिसतं ‘अचानक’. आत मात्र काही महिन्यांपासून चाललेलं असतं.

मग त्यांनी टोपलीतली भित्री उचलली. तिच्या पाठीवर पिसं नव्हती, शेपटीपाशी टोचून टोचून जखम झालेली. त्यांनी वहिनींचा हात धरून तिच्या छातीवरून फिरवला. “काय लागतंय?”

“हाड. सुरीच्या पात्यासारखं.”

“हिला रोग नाही. ही उपाशी आहे.”

वहिनींना ते पटेना. एकाच ताटातलं दोघी खात होत्या. एक खाऊन खाऊन मेली आणि दुसरी उपाशी? डॉक्टर म्हणाले, “ताट एकच होतं, हाच तर घोटाळा आहे.”

कोंबड्यांच्या कळपात मानपान असतो आणि तो फार कडक असतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब या माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ साली आपली निरीक्षणं छापली. कोण कुणाला टोचते आणि कोण कुणाचं मुकाट सोसते, याची एक उतरंडच कळपात असते, हे त्यानं दाखवून दिलं. सगळ्यांत वरची कुणालाही टोचते, तिला कुणी नाही. सगळ्यांत खालची सगळ्यांकडून टोचून घेते. दाण्यापाशी आधी वरची, पाण्यापाशी आधी वरची, रात्री बसायला चांगली जागा वरचीला. जगभर पुढे माणसांच्या कचेऱ्यांनाही ही उपमा चिकटली, ती उगाच नाही. आपल्याकडे त्याला सासुरवास म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही उतरंड निसर्गाची, ती मोडता येत नाही. पण तिचा छळ होतो तो बहुधा आपल्यामुळे. वहिनींचं खुराडं तीन फूट बाय दोन फूट, आणि आत सात कोंबड्या. एका कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे तिथे तिघीच सुखानं राहत्या. मार्चमध्ये वहिनींनी बाजारातून दोन नव्या तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या पाचांत सोडल्या. भित्री ही त्यांतलीच एक. नव्या कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या. अंगावर एखादा आजार असेल तर तो तेवढ्यात दिसतो. मग जाळीआडून जुन्यांना त्यांची ओळख होऊ द्यायची आणि मगच एकत्र सोडायचं. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी, एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवायची. लपायला एखादं खोकं किंवा पाटी आडवी टाकायची. नुसत्या भातावर वाढलेल्या कोंबड्यांच्या आहारात प्रथिनं कमी पडतात, त्यानेही पिसं उपटण्याची खोड लागते. आणि एकदा रक्त दिसलं, की सगळ्या त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतात. अशी कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढायची, जखम भरेपर्यंत परत सोडायची नाही.

मला सगळ्यांत हलवून गेलं ते डॉक्टरांचं शेवटचं बोलणं. पक्षी आजार लपवतो. कमजोर दिसला की शत्रू त्यालाच आधी उचलणार, हे त्याच्या रक्तात आहे. खुराड्यात तर शत्रू घरचेच. म्हणून आजारी कोंबडी शक्य तितका वेळ चारचौघींसारखी वागते, दाणे टिपल्याचं सोंगही करते. आपल्याला जेव्हा ती मान टाकून बसलेली दिसते, तेव्हा तिची सोंग करण्याचीही ताकद संपलेली असते. ‘कालपर्यंत चांगली होती’ असं आपण म्हणतो, त्याचा खरा अर्थ कालपर्यंत आपण नीट पाहिलं नव्हतं, एवढाच.

माझं म्हणणं आहे ते इथेच. ‘अचानक’ आणि ‘कोण जाणे’ हे दोन शब्द आपण कोंबडीच्या मरणावर पांघरूण घालायला वापरतो. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कारण शोधायचं टाळलं तरी कारण असतंच. ते आपल्याला सापडलं नाही, की ते आपण कुणाच्या तरी माथी मारतो. शेजारीण, वॉचमन, दृष्ट, हवा, कुणीही चालतं.

यात एका घराचंच नुकसान होतं असंही नाही. मानमोडीचा विषाणू काही आपल्या अंगणात थांबत नाही. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये हा रोग ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे कुमाऊँमधल्या राणीखेतला सापडला. म्हणून हिंदुस्थानात त्याला राणीखेत हे नाव पडलं. त्या सुंदर गावाचा त्यात काही दोष नव्हता. माझी आजी १९१८ च्या माणसांतल्या तापाच्या साथीलाही मानमोडीच म्हणायची. माणूस काय नि कोंबडी काय, मान टाकली की नाव एकच.

नावं एकच असली तरी रोग एक नसतात, हे २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरनं महाराष्ट्राला शिकवलं. तिथे पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा आधी ही राणीखेतच असावी असंच मानलं गेलं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आला : बर्ड फ्लू. देशात तो पहिल्यांदाच सापडला होता. पुढे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कित्येक घरांचा धंदा बसला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच, आणि त्याच सुमारास मुंबई-ठाण्यातल्या मेलेल्या पक्ष्यांतही तो आढळला. २०२५ च्या जानेवारीत तो उरण तालुक्यातल्या चिरनेरला, म्हणजे समुद्राच्या पलीकडच्या काठावर आला. राणीखेत की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते, आणि प्रयोगशाळेला कुणीतरी कळवावं लागतं.

आपण काय करतो? एक मान टाकू लागली की उरलेल्या घाईघाईनं कापतो, नाहीतर स्वस्तात विकतो. काहीजण तर पाहुण्यांबरोबर गावी धाडतात. मेलेली कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून कावळ्या-कुत्र्यांकडे. साथ पसरवायची ठरवली असती, तरी याहून चांगली व्यवस्था सुचली नसती. यात कुणी दुष्ट नसतं. डब्यातले पैसे बुडताना दिसतात आणि माणूस हात मारून मिळेल तेवढं वाचवू बघतो. माझ्या आईनंही शेवटच्या दोन कोंबड्या मरायच्या आत शिजवल्या होत्या. आम्ही त्या खाल्ल्या. पूर्ण शिजवलेल्या मांसातून विषाणू उरत नाही, हे खरं. पण कापताना, धुताना, पिसं फेकताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

यावर नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. कोंबडी काही शेंची, डॉक्टरची फी आणि रिक्षाभाडं मिळून तेवढंच. एवढा उपद्व्याप कशासाठी? हिशेब चूक नाही. एका कोंबडीसाठी तो खरंच परवडत नाही. पण मेलेल्या कोंबडीसाठी दिलेली फी ही मागे राहिलेल्या सहांसाठी असते. आणि आमच्या चाळीत कुणी ती दिली असती, तर दोन घरांची नऊ वर्षं वाचली असती. त्याचा भाव कुणी करावा?

शिवाय मुंबईत विचारायला जागा नाहीत असंही नाही. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय उभं आहे. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत. आपण तिथे कुत्रं घेऊन जातो, मांजर घेऊन जातो. कोंबडी घेऊन जायची आपल्याला लाज वाटते.

राहता राहिली मानमोडीची लस. ती तेव्हाही होती, आजही आहे. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचणी, पुढे पशुवैद्य सांगतील तसा पुन्हा डोस. मग परसातल्या कोंबड्यांना ती मिळत का नाही? याचं कारण फार साधं आहे. लस येते ती शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांच्या कुपीत. एकदा कुपी कालवली, की बर्फावर ठेवून काही तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या मालकिणीनं ती घ्यायची, म्हणजे त्र्याण्णव डोस मोरीत ओतायचे. म्हणून कुणीच घेत नाही, आणि दर काही वर्षांनी सगळ्यांच्याच कोंबड्या जातात.

हे वाचलं तेव्हा मला आई आणि काकू आठवल्या. अकरा कोंबड्या इकडे, तीन तिकडे. चाळीत आणखी चार-पाच घरी असतील पाच-सहा. आमच्या कोंबड्या वाचवणारं औषध एकटीनं घेण्याजोगं नव्हतंच. ते भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मिळून घ्यायचं होतं.

वहिनींनी भात बंद केला. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणलं, प्रत्येकीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि तेही दोन भांड्यांत, विहिरीच्या दोन बाजूंना. दादानं जुन्या पलंगाच्या फळ्यांचं मोठं खुराडं ठोकलं. सरदारणीची जागा मोकळी झाल्यावर पहिले काही दिवस मारामाऱ्या झाल्या, मग करडीनं गादी घेतली. भित्री तीन आठवडे वेगळी राहिली. तिच्या पाठीवर आता बारीक पिसं फुटलीत. ती अजूनही सगळ्यांत खालीच आहे. पण तिच्या छातीचं हाड आता हाताला टोचत नाही.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर वहिनींनी गावठाणात घरोघरी जाऊन कुणाकडे किती कोंबड्या आहेत, ते वहीत लिहून काढलं. आठ घरांत मिळून एकसष्ट भरल्या. कुपीचे पैसे वाटून घेतले. लस द्यायच्या सकाळी मीही गेलो होतो. परसात ही रांग. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डालग्यात, एका पोराच्या दप्तरात. रांगेत शेवटी समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन उभा होता, दोन्ही हातांत एकेक कोंबडी धरून. पंपाच्या खोलीमागे तो त्या पाळतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये त्याची एक मेली होती म्हणे. कशानं, ते त्यालाही कळलं नव्हतं. त्याचा संशय कुणावर होता, ते मी विचारलं नाही.

वहिनींनी वहीत त्याचं नाव घातलं आणि पुढे आकडा लिहिला : त्रेसष्ट.